वाणाच्या बादल्या

३ जानेवारी २००८, गुरुवार

लिही. मी बायडाबाई, वैजनाथची आई, मूळची बीडकडची, दुष्काळात इकडे आले ती इकडचीच झाले. मुक्काम हडपसर, कालव्याकडची वस्ती. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी सून दीपमाला लिहिते. ती दहावी झालेली आहे, आणि ते ती कुणाला विसरू देत नाही.

हे वाक्य लिहिलंस का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "लिहिलं, आत्या." आता मी ते तपासणार कशी? तेव्हा ही सगळी वही विश्वासावर चाललेली आहे.

वही दीपमालाने भिंतीपलीकडच्या सोसायटीतून आणली. तिथे ती सकाळी पोळ्या करायला जाते. एका साहेबाला कंपनीतून अशा चार मिळाल्या, त्याने एक हिला दिली. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं, आत प्रत्येक पानाला तारीख, आणि पानाच्या तळाशी इंग्रजीत एकेक शहाणपण छापलेलं. ते आम्हा दोघींनाही वाचता येत नाही, त्यामुळे आमचं काही अडलेलं नाही. मी म्हटलं, कोरी पानं वाया कशाला घालवायची? मी बोलते, तू लिही. दुपारी तुला तासभर बसायला मिळेल आणि मला ऐकणारं माणूस मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी "हाय" म्हणते, ही "आहे" लिहिते. मी "तिकडं" म्हणते, ही "तिकडे" करते. पुढेमागे कुणी हे वाचलं आणि बायडाबाई फार शुद्ध बोलायची असं वाटलं, तर ते सुनेचं पाप.

५ जानेवारी, शनिवार

आमची वस्ती आणि ती सोसायटी यांच्यामध्ये भिंत आहे आणि भिंतीला एक भगदाड आहे. मागच्या पावसाळ्यात भिंत तेवढी ढासळली. सोसायटीने ती बुजवली नाही, कारण त्यांच्या पोळ्या, भांडी, लादी आणि तान्ही पोरं सांभाळणं, हे सगळं त्या भगदाडातून त्यांच्या घरी जातं. सकाळी सहाला बघावं. वस्तीतल्या बाया साड्या वर खोचून, सुट्या विटांवर पाय देत, एकमेकींचा दंड धरून पलीकडे उतरतात. पलीकडची साहेब-मॅडम मंडळी साडेसातला हातात डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढते. तो डबा आमच्या भगदाडाचा.

अडचण अशी की वस्तीचा कचराही भगदाडापर्यंत जातो. पुढे जात नाही. बाया पलीकडे उतरतात, कचरा अलीकडे राहतो. घंटागाडी आमच्याकडे शिरत नाही, गल्ली अरुंद आहे म्हणते. वैजनाथ म्हणाला, "गल्ली आहे तेवढीच आहे, बायाच रुंद झाल्यात." ते शेजारच्या कुसुमने ऐकलं. कुसुम म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष, नगरसेवकालासुद्धा तोंडावर बोलते. तेव्हापासून वैजनाथ मागच्या दाराने कामावर जातो.

आज भगदाडापाशी पाटी लागली. दीपमालाने मला नेऊन वाचून दाखवली: "हे भगदाड सोसायटीच्या सौजन्याने उघडे आहे. सौजन्याची मुदत १० फेब्रुवारी. त्यापूर्वी कचऱ्याचा ढीग न हटल्यास भिंत पूर्ण करण्यात येईल."

मी पुन्हा वाचायला लावली. "कुणी लिहिली गं?"

"सेक्रेटरींनी. रिटायर आहेत. शनिवार पेठेतून आलेत राहायला."

"पेठ सोडली, पण पेठेने त्याला सोडलेलं दिसत नाही."

मी हसले. दीपमाला हसली नाही. भगदाड बुजलं तर हायवेने वळसा घालायचा, आणि तो हायवे ओलांडायचा म्हणजे ट्रकवाल्यांच्या दयेवर. साडेसातचा डबा साडेआठला तयार होऊन काय उपयोग? त्यांना नवी बाई मिळेल, हिला नवी घरं मिळणार नाहीत. वैजनाथ बांधकामावर वॉचमन आहे. इमारत पुरी झाली की त्याचं काम पुरं. आमचं घर चालतं ते पोळ्यांवर.

हे शेवटचं वाक्य तिने फार सावकाश लिहिलं.

९ जानेवारी, बुधवार

काचेच्या इमारतीतली एक मुलगी आली. नाव नम्रता. तिच्या कंपनीत "सामाजिक जबाबदारी" नावाचं खातंच आहे. आमच्याकडे ती सगळ्यांची असते म्हणून कुणीच घेत नाही. त्यांनी एका मुलीला देऊन टाकली. हे बरं केलं.

तिने सेक्रेटरीशी बोलणं केलंय, घंटागाडीवाल्यांशीही केलंय. गाडी रोज गल्लीच्या तोंडाशी थांबेल. पण कचरा वेगळा केलेला हवा. घरटी दोन बादल्या कंपनी देणार. हिरवी ओल्याची, पांढरी सुक्याची.

मी म्हटलं, "आमच्याकडे दुष्काळसुद्धा ओला आणि सुका असतो. दोन्ही भोगलेत. कचऱ्याचं जमेल."

ती गोड हसली. "आजी, बेसिकली हे तुम्हीच चालवायचं आहे. वस्तीने. आम्ही फक्त मदत करणार."

"बेसिकली कोण? तो पण येणार आहे का?"

दीपमालाने मला कोपराने ढोसलं.

हे बोलणं सभेत झालं. सभा म्हणजे देवळासमोर सतरंजी आणि कापडी फलक. सतरंजीवर मी, आनंदीबाई, कुसुम, दीपमाला आणि एक झिंगलेला गृहस्थ. त्याला वाटलं निवडणूक लागली. आनंदीबाई इथल्या मूळच्या. नम्रताची काचेची इमारत उभी आहे तिथे यांच्या सासऱ्याचा ऊस होता. त्यांचेही मालक माझ्या मालकांसारखे लवकरच गेले, म्हणून आमचं जमतं.

नम्रताचा चेहरा उतरला. मला दया आली. मी म्हटलं, "पोरी, मीटिंग म्हटलं की बाया येत नाहीत. संक्रांत तोंडावर आलीय. हळदीकुंकू ठेव आणि या बादल्या वाण म्हणून लूट. अख्खी वस्ती येते की नाही बघ."

"सुपर आयडिया!" तिने लगेच कॉम्प्युटरात घातलं. कुसुमही खूश. यंदा मंडळाचं वाण आयतं.

घरी येताना दीपमाला म्हणाली, "आत्या, वाण म्हणून कशाला? नुसत्या वाटू की."

"नुसतं दिलेलं कोण नेतं? वाण कुणी सोडत नाही."

ती गप्प बसली. आता लिहितानाही गप्पच आहे. माझी युक्ती कुणी वाखाणली की हिचं असंच होतं.

१८ जानेवारी, शुक्रवार

देवळात हळदीकुंकू झालं. अशी गर्दी वस्तीने नळाला पाणी आलं तेव्हाच पाहिली असेल. काळ्या साड्या, गजरे, पोरांचा धिंगाणा. आम्ही दोघी, मी आणि आनंदीबाई, बाहेर स्टोव्हपाशी. दूध आटवायला कुणीतरी लागतंच, आणि आम्हाला तिथून आतलं सगळं दिसतं. आतल्यांना आम्ही दिसत नाही. सोयीचं आहे.

कुसुमने थाटात केलं. प्रत्येक बादलीच्या काठाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आत तिळगूळ, वरून पदर झाकून वाण दिलं. बायांनी पदरातच घेतलं. नम्रताला पण कुंकू लावलं, गजरा दिला. ती फोटो काढत नाचत होती. मी आनंदीबाईंना म्हटलं, "हिला लग्नाआधीच कुंकू. आपल्याला लग्न होऊन नाही."

त्या म्हणाल्या, "आपलं झालं गेलं. तिकडं दूध उतू चाललंय ते बघ."

सगळ्या गेल्यावर कुसुम मागच्या बाजूने आली. उरलेल्यांतल्या आम्हा दोघींच्या बादल्या घेऊन. "आत्याबाई, या तुमच्या." ठेवल्या आणि लगबगीने गेली. बादल्या चांगल्या आहेत. झाकण घट्ट बसतं.

मी आज फार खूश आहे. भगदाड वाचलं म्हणून समज. हे लिही.

लिहिलं म्हणते.

२१ जानेवारी, सोमवार

घंटागाडी आली. गल्लीच्या तोंडाशी थांबली, घंटा वाजवली, गाणं लावलं. मी आणि आनंदीबाई आपापल्या बादल्या घेऊन उभ्या. बाकी कुणी नाही.

गाडीवाल्याने आमच्याकडे बघितलं, मग गल्लीकडे. "बाकीची वस्ती?"

"येईल. पहिला दिवस आहे."

"बायका कुठायत? दोन म्हाताऱ्यांनाच कचरा होतो का इथे?"

आनंदीबाई म्हणाल्या, "आमचा लई साठलाय. जुना हाय."

२६ जानेवारी, शनिवार

अजून आम्ही दोघीच. ढीग जिथल्या तिथे, उलट संक्रांतीचे उसाचे चोथे वर चढलेत. मला काही समजेना. बादल्या तर एकूण एक घरी गेल्या. लोक काय बादल्या खातात?

झेंडावंदन आटपून कुसुमला धरलं. "काय गं, तुझी बादली गाडीवर दिसत नाही?"

"गाडी येते तेव्हा मी आंघोळीला असते, आत्याबाई."

"रोज?"

"रोज आंघोळ करते मी."

पुढच्या घरी गेले. म्हणे झाकण फार घट्ट आहे. त्याच्या पुढच्या घरी म्हणे पोरगं त्यात बसून खेळतं. एक म्हणाली, "रंग फार छान आहे हो," आणि मी काही विचारायच्या आत पोराला हाक मारत निघून गेली. सगळ्या माझ्याशी गोड बोलतात आणि सगळ्या माझी नजर चुकवतात. मी काही कुणाचं उसनं मागायला गेले नव्हते.

दीपमालाला विचारलं, "अगं, आपल्या घरची बादली मी रोज नेते. तुला मिळालेली कुठे आहे?"

"माळ्यावर."

"माळ्यावर कशाला?"

"आत्या, घरात एक जोडी चालू आहे ना. दोन कशाला वापरायच्या?"

हे बरोबर आहे. पण बाकीच्या घरांचं काय?

३० जानेवारी, बुधवार

नम्रता पाहणीला आली. घरोघर फिरली. बाहेर येऊन म्हणाली, "आजी, अमेझिंग. बादल्या इतक्या क्लीन ठेवल्यात सगळ्यांनी! एकही डाग नाही!" मग तिची नजर भगदाडाकडे गेली आणि तोंड आपोआप मिटलं.

देवळासमोर पुन्हा सतरंजी टाकली. तिने जंतूंची चित्रं दाखवली. एकेक जंतू एवढा मोठा की त्याला दोन बादल्या पुरल्या नसत्या. बायांनी माना डोलावल्या, पोरांना जंतू आवडले. मग तिने मला उभं केलं. "ही आजी बघा. वय इतकं, तरी रोज कचरा वेगळा करते. आजी आपली रोल मॉडेल आहे."

"मी काय आहे?" मी दीपमालाला हळूच विचारलं.

"आदर्श."

अरे देवा. मला टाळ्या मिळाल्या. टाळ्या वाजवताना बाया एकमेकींकडे बघत होत्या, आणि कुसुम तर जमिनीकडेच. आदर्श झाल्यावर माणूस एकटं पडतं असं ऐकून होते.

नम्रता म्हणाली, सवयी बदलायला वेळ लागतो. वेळ दहा तारखेपर्यंत आहे, असं दीपमाला म्हणाली. एवढं एकच वाक्य बोलली आणि पोळ्यांच्या दुसऱ्या पाळीला निघून गेली. भगदाडातून उतरताना तिचा पाय घसरला. मी लांबून पाहिलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

विटा आल्या. सोसायटीच्या बाजूने भगदाडापाशी रचून ठेवल्यात. नव्या, लाल. सेक्रेटरी टोपी घालून स्वतः उभे होते. मी अलीकडून, ते पलीकडून, मध्ये ढीग.

मी म्हटलं, "साहेब, मुदत दहापर्यंत आहे ना?"

"आहे. विटांना मुदतीची माहिती आहे. त्या नुसत्या बसून आहेत."

"तुमच्याच घरच्या पोळ्या थांबतील."

"बाई, मी पंचवीस वर्षं मेसमध्ये जेवलो. मला पोळ्यांची धमकी देऊ नका." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ढीग आमच्या लहान मुलांच्या घसरगुंडीपासून बारा पावलांवर आहे. मी तरी काय करू, सांगा."

त्यांचंही खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा फार त्रास आहे.

४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिही. वगळू नकोस.

कुसुमकडे चाळण मागायला गेले. ती पाण्याला गेली होती. तिची जाऊ आतून म्हणाली, "घ्या की आत्याबाई, बादलीत आहे बघा." हिरव्या बादलीचं झाकण काढलं. आत बाजरीचं पीठ, वर चाळण. पांढरी उघडून पाहिली. शेंगदाणे. आणि दोन्हींच्या काठाला कुंकवाचं बोट. वाळलेलं, पण पुसलेलं नाही. त्याच्याभोवतीचं पुसून घेतलेलं, तेवढं बोट सोडून.

मी तिथेच खाली बसले.

वाणात कुणी खरकटं टाकतं का? मला माझ्या पहिल्या संक्रांतीला पितळेची वाटी मिळाली होती. तिच्यात मी देवाच्या तुपाशिवाय काही ठेवलं नाही, दुष्काळात सगळी भांडी विकली पण ती विकली नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. मग आठवलं कसं नाही? मला वाण मिळून इतकी वर्षं झाली, की वाण म्हणजे आत चाललेला कार्यक्रम आणि बाहेर उतू जाणारं दूध, एवढंच डोक्यात राहिलं. युक्ती माझी. वाण म्हणून लुटा म्हणणारी मी. आणि रोज गाडीपाशी ताठ उभी राहून वस्तीला नावं ठेवणारीही मीच.

कुसुम आली. मला पाहिलं, उघडी बादली पाहिली, हंडा खाली ठेवला.

"आत्याबाई, ते पीठ..."

"वाण आहे म्हणून टाकत नाही ना कचरा?"

तिने मान हलवली.

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"अगं मग बोलायचं की! त्या पोरीला नको, तिला कळलं नसतं. मला तरी सांगायचं. मी घरोघर फिरून विचारत होते."

नगरसेवकाला तोंडावर बोलणारी कुसुम पदराचं टोक पिळत उभी राहिली. "तुम्हाला कसं सांगायचं, आत्याबाई?"

मला का सांगता येत नव्हतं? मी काय वाघ आहे? त्यात एवढं अवघड काय होतं? घरी येऊन दीपमालाला विचारलं. तिने पेन खाली ठेवलं, पाणी प्यायलं, पेन उचललं.

म्हणाली, "पुढे काय लिहू?"

६ फेब्रुवारी, बुधवार

पीठ बादलीतच राहू दे, असं ठरलं. बादलीत पीठ चांगलं राहतं, मुंगी लागत नाही. कचऱ्याला नव्या बादलीचं कौतुक कशाला? वैजनाथच्या बांधकामावर रंगाचे रिकामे डबे पडलेत. ठेकेदाराला विचारून त्याने हातगाडीभर आणले. कुसुमसमोरून आणावे लागले, तरी आणले. उरलेल्या रंगाने एकाला हिरवा पट्टा, एकाला पांढरा.

कुसुम पदर खोचून पुढे आली. "द्या, मी वाटते घरोघर."

आनंदीबाईंनी तिचा हात धरला. "तू नको गं बाई. तू दिलंस की पुन्हा वाण व्हायचं. आम्ही दोघी देतो. आमच्या हातून दिलं की डबा डबाच राहतोय."

मग मलाच हसू फुटलं. खरंच की. आमच्या हातून घेतलेल्या वस्तूत बिनघोर कचरा टाकता येतो. इतकी वर्षं हा गुण नुसता वाया चालला होता.

दिवसभर आम्ही डबे वाटले. बायांनी पदरात नाही, हातात घेतले. दीपमाला मागून झाकणं देत होती. तिला म्हटलं, तू नको, तुझं कपाळ भरलेलं आहे, डब्याचं वाण होईल. थट्टाच केली मी. ती हसली नाही. हल्ली हिला थट्टा कळेनाशी झाली आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीवाल्याने आज गाणं बंद केलं, कारण बायांच्या आवाजात ते ऐकूच येईना. रांग पार देवळापर्यंत.

ढीग आम्हीच उचलला. कालपासून घमेली चालली आहेत. नम्रता माणसं पाठवते म्हणाली, पण कुसुम म्हणाली, आपलाच आहे, आपल्या ओळखीचा. तसंच निघालं. "ही चप्पल तुझ्या नवऱ्याची." "हा माझा तवा, तूच का नेला होतास?" ढिगाच्या तळाशी दोन भांडणं मिटली आणि एक नवं लागलं. नम्रता तोंडाला रुमाल बांधून घमेलं उचलायला आली. पोर चांगली आहे.

तिला कळेना की बादल्या कुठे आहेत. मी सांगितलं, पीठ आहे त्यांत, शेंगदाणे आहेत, एकीने लग्नाचा शालू ठेवलाय. ती आधी गोंधळली, मग एका दगडावर बसून हसत सुटली. म्हणाली, "मला वर रिपोर्ट द्यायचाय. बादल्यांचा वापर किती टक्के?"

"शंभर," दीपमाला म्हणाली. "एकही बादली रिकामी नाही."

तिने शंभर घातले.

१० फेब्रुवारी, रविवार

सकाळी सेक्रेटरी गवंड्याला घेऊन आले. टोपी तीच. भगदाडाच्या अलीकडे नुसती ओली माती, वर आम्ही बाया. ते बराच वेळ खाली बघत राहिले.

"ढीग कुठे गेला?"

"घंटागाडीत."

"परत येणार नाही कशावरून?"

कुसुम म्हणाली, "सगळ्यांनी ओळखलाय आता एकमेकींचा. टाकेल कोण?"

हे त्यांना पटलं असावं. पण गवंडी थापी घेऊन उभा होता आणि विटा रचलेल्या होत्या, आणि आणलेली वस्तू न वापरता परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. मी म्हटलं, "साहेब, विटा आणल्याच आहेत तर पायरी करा. बाया घसरतात."

"पायरी सोसायटीच्या नियमांत बसत नाही."

"भगदाड बसत होतं का?"

त्यांनी टोपी काढली, घातली. गवंड्याला म्हणाले, "तुमचा आजचा दिवस भरलेलाच आहे. दोन्ही बाजूंनी करा. नीट करा."

संध्याकाळी पाटी बदलली. दीपमालाने वाचली: "सौजन्य तूर्त चालू. पायरी जपून वापरावी."

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस.

दीपमाला सकाळी पायरीवरून गेली, पायरीवरून आली. एका हातात डबा, दुसरा हात मोकळा. मी दारात बसून बघत होते. माणूस सरळ चालताना किती बरं दिसतं.

दुपारी कुसुम आली, मागे आठ-दहा बाया, हातात तबक. मी म्हटलं, "दीपमाला, पाट मांड, तुझ्याकडे आल्यात," आणि नेहमीसारखी उठून आत निघाले.

"बसा आत्याबाई," कुसुम म्हणाली. "तुमच्याकडे आलोय."

"माझ्याकडे काय काम?"

कुसुमने कुंकवात बोट बुडवलं. तिचं बोट माझ्या कपाळाकडे निघालं, असं मला वाटलं. माझं कपाळ कोरं असतं याची मला सवय आहे. कपाळाला मात्र अजून झालेली नसावी, कारण ते आपणहून जरा पुढे झालं.

मग बोट मध्येच थांबलं. खाली वळलं, आणि दारात ठेवलेल्या माझ्या हिरव्या बादलीच्या काठाला टेकलं. मग पांढरीच्या. कुसुमने दोन्हींत तिळगूळ ठेवला.

मी म्हटलं, "अगं ए बये, आता मी कचरा कशात टाकू?"

सगळ्या हसल्या. एवढं हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते, पण थांबेचनात. कुसुमने हसून हसून डोळे पुसले. आनंदीबाई आपल्या बादल्या पाठीमागे लपवत ओरडल्या, "माझ्याला हात लावशील तर बघ! मला गाडी गाठायचीय!"

त्या गेल्यावर मी बादल्या राखेने घासल्या, उन्हात वाळवल्या. बोट तेवढं सोडून. आत काय ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. पीठ आहे आमचं डब्यात. तूर्त झाकण लावून रिकाम्याच ठेवल्यात, त्या पितळेच्या वाटीशेजारी. वैजनाथला माझ्यासाठी रंगाचे दोन डबे आणायला सांगितलंय.

दीपमालाला विचारलं, "तू समोर उभी होतीस. कुसुमचं बोट आधी कुठे निघालं होतं गं? तुला काय दिसलं?"

ती म्हणते, "आत्या, पान संपलं."

मला अक्षर येत नाही. पण कोरं ओळखता येतं. अर्धं पान तसंच आहे.